आमचा मध्यमेंदू चालू आहे, धन्यवाद!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही जरा चिडूनच. माझ्याकडून कुंडीतली झाडं आणि शाळेतल्या गमतीजमती वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी आज थोडं सांभाळून घ्यावं.

विषय आहे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. हे नाव ज्यांनी ऐकलंच नसेल ते भाग्यवान. थोडक्यात सांगते. पाच ते पंधरा वयाच्या मुलांना शनिवार-रविवार एका हॉलमध्ये नेतात. तिथे त्यांना संगीत ऐकवतात, नाचवतात, डोळे मिटून पडायला लावतात. आणि रविवारी संध्याकाळी आईबाबांसमोर ही मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखतात, पत्ते ओळखतात, पुस्तक वाचतात! का? तर म्हणे त्यांचा झोपलेला मध्यमेंदू जागा केलाय.

२०१०च्या दशकात हे खूळ आपल्याकडे जोरात होतं. मंगळुरूच्या नरेंद्र नायकांनी आणि विवेकवादी चळवळीतल्या इतरांनी त्यातली लबाडी जाहीरपणे दाखवून दिली होती. मला वाटलं, संपलं. पण असे धंदे संपत नाहीत, नाव बदलून येतात. कधी ‘तिसरा डोळा’, कधी ‘सुपर ब्रेन’. परवा आमच्याच सोसायटीच्या नोटीस बोर्डावर गुळगुळीत कागदाचं पत्रक लागलं. पंधरा हजार रुपये फी, दोन भावंडं असतील तर सवलत. खाली मेंदूचं रंगीत चित्र, आणि त्यात बाणाने दाखवलेला मध्यमेंदू चक्क चुकीच्या जागी!

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, तुम्हाला काय कळतंय मेंदूतलं? बरोबर आहे, मी डॉक्टर नाही. पण मराठी आणि इतिहासाबरोबर पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञान माझ्याकडे कितीतरी वर्षं होतं (आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक कधी टिकलेच नाहीत). आणि मध्यमेंदू म्हणाल, तर त्याच्याशी माझी ओळख पत्रकवाल्यांपेक्षा जुनी आणि फार जवळची आहे. कशी, ते पुढे येईलच.

पत्रकातलं पहिलंच वाक्य असं होतं की मध्यमेंदू हा डाव्या आणि उजव्या मेंदूला जोडणारा पूल आहे. नाही हो! डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणारा पूल वेगळा आहे, तो त्या दोहोंच्या मध्ये, वरच्या बाजूला असतो आणि त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. रॉजर स्पेरी नावाच्या शास्त्रज्ञाने फेफऱ्याच्या उपचारासाठी हा पूल कापलेल्या रोग्यांचा अभ्यास केला आणि १९८१ साली त्याला नोबेल मिळालं. ‘डावा मेंदू गणिताचा, उजवा मेंदू कलेचा’ ही सगळी सवंग बडबड त्याच्याच कामाची मोडतोड करून निघालेली आहे. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या डाव्या बाजूला असतात हे खरं, पण म्हणून कुणी अर्ध्या मेंदूने चित्र काढत नाही आणि उरलेल्या अर्ध्याने उदाहरणं सोडवत नाही.

मग मध्यमेंदू कुठे असतो? अक्रोडासारखा दिसणारा मोठा मेंदू डोळ्यांसमोर आणा. त्याच्या खालून एक देठ निघतो आणि तो खाली पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूला मिळतो. त्या देठाचा सर्वांत वरचा तुकडा म्हणजे मध्यमेंदू. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेराहून लहानच.

एवढासा तुकडा, पण झोपलेला? १९४९ साली मोरुझी आणि मॅगून या दोघांनी गुंगीतल्या मांजरांच्या याच देठाच्या गाभ्याला विजेचा हलका झटका दिला, तर मांजरांच्या मेंदूतल्या लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या. म्हणजे आपल्याला जागं ठेवणारी यंत्रणाच या देठात, मध्यमेंदूच्या आतल्या भागात आहे! ती बंद पडली तर माणूस बेशुद्धीत जातो. ज्याचा मध्यमेंदू खरोखर निष्क्रिय आहे तो मुलगा शनिवारी सकाळी नऊ वाजता डबा-पाण्याची बाटली घेऊन तुमच्या हॉलमध्ये येणार नाही. तो अतिदक्षता विभागात असेल.

तुमच्या मुलाचा मध्यमेंदू चालू आहे की नाही हे तपासायला पंधरा हजार लागत नाहीत, बॅटरी लागते. संध्याकाळी खोलीत जरा अंधार करा. मुलाला समोरच्या भिंतीकडे बघायला सांगा आणि बाजूने बॅटरीचा प्रकाश क्षणभर एका डोळ्यावर टाका (मोबाइलचा प्रखर दिवा डोळ्यात खुपसू नका म्हणजे झालं). बाहुली लहान होते. गंमत म्हणजे दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही त्याच वेळी लहान होते, तिच्यावर प्रकाश पडलेला नसताना! का? कारण डोळ्यातून निघालेला संदेश मध्यमेंदूत जातो, तिथे दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि तिथूनच निघणाऱ्या तिसऱ्या क्रमांकाच्या चेतेतून दोन्ही डोळ्यांकडे परत येतो. अपघातातल्या माणसाच्या डोळ्यात डॉक्टर बॅटरी मारून बघतात ते याचसाठी. बाहुली हलली? झालं. ॲक्टिव्हेटेड. पावती फाडा.

मध्यमेंदूच्या पाठीवर चार छोटे उंचवटे असतात. वरचे दोन डोळ्यांच्या कामाचे आणि खालचे दोन कानांच्या. डोळ्याच्या कोपऱ्यात काही हललं की आपण विचार करायच्या आधीच नजर तिकडे वळते, ते वरच्या जोडीचं काम. खालच्या जोडीतून आवाजाचा रस्ता जातो. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागच्या बाकावर कागदाचं विमान उडालं की माझी मान जी गर्रकन वळायची, ती या चार टेंगळांच्या कृपेने. मुलं म्हणायची, बाईंना पाठीमागे डोळे आहेत. नव्हते. कान होते.

आणि आता माझी ओळख. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एक काळसर पट्टा असतो. तो काळा दिसतो म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं लॅटिन नावच ‘काळा पदार्थ’ असं ठेवलंय. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि ते वर मोठ्या मेंदूच्या आतल्या केंद्रांना पुरवतात. हालचाल सुरू कशी करायची, तिला गती किती द्यायची, याला ते लागतं. या पेशी मरू लागल्या की होतो पार्किन्सन्स. लक्षणं दिसायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

आमच्या ह्यांना नऊ वर्षं पार्किन्सन्स होता. सुरुवात थरथरीने नाही झाली, अक्षराने झाली. हे जमाखर्चाची वही लिहायचे, टपोरं वळणदार अक्षर. ते हळूहळू बारीक होत गेलं, ओळीच्या शेवटी मुंगीएवढं. मी मास्तरीण, त्यामुळे मला ते आधी दिसलं. मग शर्टाची बटणं. मग उंबरठ्यापाशी पाय चिकटल्यासारखे थांबायचे. पण खाली जमिनीवर मी माझी काठी आडवी धरली की ती ओलांडून चालायला लागायचे! डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आपणहून पाऊल उचलायची वाट बंद पडते, पण डोळ्यांना खूण दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने तेच काम करून घेतो. औषध होतं लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं. (हेच द्रव्य आपल्या खाजकुयलीच्या बियांत असतं, आणि १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनतज्ज्ञांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. पण म्हणून कुणी बिया आणून खाऊ नका, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.) गोळी घेतली की हात सैल व्हायचा, आणि चार-पाच तासांनी घड्याळाच्या काट्यासारखा पुन्हा अडखळायचा. शेवटच्या वर्षी ह्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. मनातलं नव्हतं गेलं, तोंडावरचं गेलं. कारण हसायलाही स्नायू हलावे लागतात.

एखादा मध्यमेंदू बंद पडत जातो तेव्हा काय होतं, हे मी रोज सकाळी चहाच्या कपापासून पाहिलंय. म्हणून कुणी रंगीत पत्रकावर ‘तुमच्या मुलाचा मध्यमेंदू बंद आहे’ असं छापलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. (तीसुद्धा मेरुरज्जूतूनच जाते, असो.)

आता मुलाची गोष्ट. माझ्या भाच्याचा मुलगा चौथीत आहे. त्याच्या आईला विचारूनच हे लिहितेय. दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा जेवणं झाल्यावर कार्यक्रम झाला. पोराच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, आणि त्याने रंगीत चेंडू ओळखले, नोटेवरचा नंबर वाचला. टाळ्या! भाचेसून कौतुकाने मला म्हणाली, “आत्या, आता तुम्ही धरा ना काहीतरी समोर.” मी वाचनालयाचं कार्ड धरलं. पोराने ते हातात घेतलं, पोटाशी नेलं, हनुवटी जरा वर उचलली आणि माझा सभासद क्रमांक घडाघडा वाचला.

मंडळी, मी चौतीस वर्षं परीक्षेत पर्यवेक्षण केलंय. कॉपी करणाऱ्या मुलाची मान मला पाठीमागूनसुद्धा ओळखू येते.

चारचौघांत काही बोलले नाही. मुलाचा पाणउतारा करायचा नसतो. नंतर गॅलरीत तो एकटाच फुलबाजीची काडी चाळवत उभा होता तेव्हा हळूच विचारलं, “खालून दिसतं का रे?” तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “थोडंसं दिसतं, आत्याआजी. पण सर म्हणाले, दिसतं असं कुणाला सांगितलं तर पॉवर जाते.” आणि मग आणखी हळू, “आईने खूप पैसे भरलेत ना.”

हे शेवटचं वाक्य ऐकून मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. नऊ वर्षांचं पोर आईच्या पैशांची लाज राखण्यासाठी खोटं बोलतंय, आणि ते खोटं त्याला शिकवलंय फी घेऊन! आम्ही उभी हयात ‘खोटं बोलू नये’ हे फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं आणि इथे दोन दिवसांत त्याचा उलटा धडा पाठ होतो. मुलाला कळतं की मोठ्या माणसांना जे हवंय ते दिलं की टाळ्या मिळतात. रविवारच्या त्या हॉलमध्ये पन्नास मुलं असतात. प्रत्येकाला नाकाच्या बाजूच्या फटीतून दिसत असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच एकटे खालून बघतोय, बाकीच्यांना खरंच जमतंय.

भाचेसुनेला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः पोराला पट्टी बांधून हनुवटीखाली आडवी वही धरली. काही दिसेना. मग तिचाच फोन आला, “लिहा आत्या, म्हणजे बाकीच्यांना तरी कळेल.”

हे वहीचं गुपित जादूगारांना शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. माणसाच्या नाकामुळे पट्टी गालाला पूर्ण चिकटत नाही, खाली फट राहते. म्हणूनच या मुलांना वस्तू नेहमी छातीच्या खाली लागते. कपाळासमोर धरली की पॉवर जाते. दिवा घालवला की पॉवर जाते! अहो, डोळ्यांशिवाय दिसत असेल तर दिवा कशाला हवा?

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या चेतासंस्थेत कुठलीही गोष्ट वाटेशिवाय पोचत नाही. आधी ती पकडणारी पेशी लागते, मग ती नेणारी चेता लागते, मग ती उतरवून घेणारं मेंदूतलं ठिकाण लागतं. तिन्हीपैकी एक नसलं तर निरोप नाही. रंग दिसायला प्रकाश लागतो, आणि तो पकडणाऱ्या पेशी फक्त डोळ्याच्या मागच्या पडद्यावर असतात. एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडाच्या आकाराच्या आणि ६० लाखांच्या आसपास शंकूच्या आकाराच्या. रंग कळतात ते शंकूंमुळे. त्यांचे निरोप एकत्र होऊन सुमारे १० लाख तंतूंच्या जुडग्यातून बाहेर पडतात, वाटेत अर्धे तंतू बाजू बदलतात, आणि शेवटी पोचतात ते डोक्याच्या पार मागे, जिथे आपण उशी टेकवतो तिथे. बघतो आपण पुढून, पण दिसतं मागे! कपाळात, गालात, बोटांच्या टोकांत चित्र उमटवणाऱ्या पेशी नाहीत. मग मध्यमेंदू कितीही ‘जागा’ केला तरी त्याला निरोप देणार कोण?

या वाटा किती खऱ्या आहेत याचा पुरावा हवा असेल तर पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटून बघा. (मुद्दाम आपटू नका, आपोआप आपटतेच.) आपटल्याचं आधी कळतं, मग एक तीक्ष्ण कळ, आणि मग एखाद्या सेकंदानं तो घनघोर ठणका येतो, ज्याची आपण ओठ चावून वाट बघत असतो. हे असं हप्त्याहप्त्यानं का? कारण तीन वेगवेगळ्या तारांवरून तीन निरोप येतात. स्पर्शाच्या तारांवर चरबीचं जाड वेष्टण असतं, त्या सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने निरोप नेतात. तीक्ष्ण कळेच्या तारा बारीक वेष्टणाच्या, त्याहून सावकाश. आणि ठणक्याच्या तारा उघड्या, सेकंदाला साधारण एक मीटर. करंगळीपासून डोक्यापर्यंत दीड मीटर अंतर, करा हिशेब! १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या चेतेतून निरोप जायचा वेग मोजला तोपर्यंत लोकांना वाटायचं की मनाचा वेग मोजताच येणार नाही. तो भरला सेकंदाला सत्तावीस मीटरच्या आसपास. आपल्या हमरस्त्यावरच्या गाडीपेक्षा फारसा जास्त नाही.

तव्याला हात लागला की हात मागे येतो आणि मग ‘आई गं’ होतं, तेही यामुळेच. निरोप मेरुरज्जूत पोचला की तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो आणि मेंदूला मागाहून कळवलं जातं. आमच्या हेडमास्तरांना जशा शाळेतल्या गोष्टी मागाहून कळायच्या तसं. पण हुकूम सुटला तरी वाट ठरलेलीच. आडवाटेने काही नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण उद्या कुणी तरी इंटरनेटवरून ती काढून माझ्या तोंडावर मारेल. १९७०च्या दशकात लॉरेन्स वाइझक्रांट्झ या मानसशास्त्रज्ञाने असे रोगी तपासले, ज्यांचे डोळे ठीक पण मेंदूचा मागचा दृष्टीचा भाग निकामी झालेला. त्यांना त्या बाजूचं काही दिसत नव्हतं. पण ‘अंदाजाने बोट दाखवा’ म्हटलं की ते ठिपक्याकडे बरोबर बोट दाखवायचे! याला आंधळी दृष्टी म्हणतात, आणि ती समजावताना मध्यमेंदूतल्या त्या वरच्या उंचवट्यांकडून जाणाऱ्या वाटेचं नाव घेतलं जातं. बघा, म्हणतील, मध्यमेंदू बघतोच! पण त्या रोग्यांचे डोळे उघडे होते, हो. प्रकाश डोळ्यातूनच आत शिरत होता. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली असती तर मध्यमेंदूला घंटा कळलं नसतं. आणि त्यांना नोटेचा नंबर तर मुळीच वाचता येत नव्हता.

आणि खरंच जर डोळ्यांशिवाय बघता येत असेल, तर हे लोक अंधशाळेत का जात नाहीत? सोसायटीच्या हॉलमध्ये डोळस मुलांना का गोळा करतात? माझ्या वर्गात दोन वर्षं एक पूर्ण अंध मुलगी होती. ब्रेलच्या पुस्तकावरून तिची तर्जनी अशी सरकायची की माझा धडा संपायच्या आधी तिचा वाचून व्हायचा. १९९६ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूचा मागचा, एरवी दृष्टीचा भाग कामाला लागलेला दिसला. रिकामी जागा मेंदूने वाया घालवली नाही, ती वाचनाला दिली! हा खरा चमत्कार. पण तो वर्षानुवर्षं बोटं झिजवून होतो, शनिवार-रविवारात नाही.

पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’चं काम तर आपल्याच देशातलं. जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी मिळवून दिली जाते. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की अशा मुलांनी हाताने चाचपलेली वस्तू लगेच डोळ्यांनी ओळखता आली नाही, पण काही दिवसांतच ती यायला लागली. डोळे उघडले तरी बघणं शिकावं लागतं. या मुलांपुढे उभं राहून ‘डोळे मिटा आणि बघा’ म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

बरं, फसतात कोण? शिकलेले लोक. माझी भाचेसून बी.कॉम. आहे, भाचा इंजिनिअर. याचा दोष थोडा आम्हा शिक्षकांच्या वाट्यालाही मी टाकते, म्हणजे आमच्या पद्धतीच्या. चेतासंस्था म्हणजे काय? तर ‘आकृती काढून नावे द्या, गुण पाच’. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. मुलं ही नावं शुद्धलेखनासकट पाठ करतात, पण झोपेत श्वास कोण चालू ठेवतं विचारलं तर उत्तर येत नाही. (मस्तिष्कपुच्छच. ते शेपूट नसतं, प्राण असतात.) कर्पर चेतांच्या १२ जोड्या आणि मेरू चेतांच्या ३१ जोड्या तोंडपाठ, पण बॅटरी मारून बाहुली लहान झालेली कुणी पाहिलेली नसते. आकडे बदलले तरी आम्ही जुनेच घोकत बसतो. मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात असं आम्ही शिकवायचो. २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली तर भरल्या ८६ अब्जांच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेक लहान मेंदूत! ज्याच्या मनात नुसती नावं आहेत आणि चित्र नाही, त्याला पत्रकावरचा कुठलाही बाण खरा वाटतो.

तेच त्या ‘आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो’चं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के मेंदू, आणि विसाव्याच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी वीस टक्के एकटा खातो. घरात एवढं खाणारं माणूस नव्वद टक्के वेळ झोपून असेल तर सासू ऐकून घेईल का?

अल्फा लहरींचंही सांगून टाकते. क्लासवाले मुलांना कानात संगीत घालून ‘अल्फा अवस्थेत’ नेतात. १९२९ साली हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला तेव्हापासून माहीत आहे की या लहरी, सेकंदाला आठ ते तेरा, शांत बसून डोळे मिटले की आपोआप येतात आणि डोळे उघडले की ओसरतात. दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले की मी रोज अल्फा अवस्थेत असते. फुकट.

“पण काकू, मुलांचा आत्मविश्वास तर वाढतो,” असं सोसायटीतल्या एका बाईंनी मला जिन्यात सांगितलं. कशाच्या जोरावर वाढतो? पकडलं न जाण्याच्या? असला आत्मविश्वास भुरट्या चोरालाही असतो. दुसऱ्या एका गृहस्थांनी संजयाच्या दिव्यदृष्टीचा दाखला दिला. महाभारत माझ्या आवडीचं आहे, म्हणून त्यांना आठवण करून दिली की व्यासांनी ती दृष्टी आधी धृतराष्ट्राला देऊ केली होती आणि त्याने नको म्हटलं, आणि व्यासांनी फी घेतल्याचा उल्लेख कुठे नाही.

मुलांची बुद्धी खरोखर चालवायची तर काय लागतं तेही काही गुपित नाही. एरिक कँडेलने समुद्री गोगलगाईवर प्रयोग करून दाखवलं की तोच अनुभव थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा दिला की चेतापेशींमध्ये नव्या जोडण्या उगवतात आणि आठवण टिकते. २००० साली त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर आर्व्हिड कार्लसनला, डोपामिनच्या कामाबद्दल, ज्याच्या जोरावर आमच्या ह्यांची बटणं नऊ वर्षांतली बरीच वर्षं लागत राहिली. पुन्हा पुन्हा, थोड्या अंतराने, आणि मध्ये पुरेशी झोप. आमच्या आजीच्या भाषेत, रोज दिवेलागणीला पाढे आणि नऊला अंथरूण.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये साडेपाच वाजता त्या क्लासचं प्रात्यक्षिक आहे, प्रवेश विनामूल्य. हॉल द्यायला मी कमिटीकडे लेखी हरकत घेतली होती, सेक्रेटरी म्हणाले, “काकू, भाडं आधीच घेतलंय.” बरं. मी जाणार आहे. नातवाकडून त्याचा पोहायचा गॉगल मागून आणलाय आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काळी चिकटपट्टी. गॉगलच्या काचांवर आतून-बाहेरून दोन थर चिकटवून झाले आहेत, मी स्वतः घालून घरभर फिरून पाहिलं, दोनदा दाराला धडकले. तो गॉगल मी मुलांना घालायला सांगणार नाही. मुलांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही हे आधीच ठरवलंय. मी तो त्या सरांना देणार आहे. मग त्यांच्यासमोर वाचनालयाचं कार्ड धरीन.

जवळपासचे कुणी येणार असाल तर पाच वाजता घरी या, चहा घेऊन बरोबरच जाऊ.